पडीक म्हणतील म्हणून

आमच्याकडं सोयरीक जमत आली की पोरीचे आईबाप घर बघायला येतात. घर म्हणायचं, पण घर बघतात चहा पिण्यापुरतं. खरं बघतात ते रान. विहिरीला पाणी किती, गाडी बांधापर्यंत जाते का, आणि रान कसं ठेवलंय. कसं ठेवलंय याचा अर्थ आमच्या भागात एकच: नांगरून काळंभोर केलंय का, आणि त्यात गवताची काडी दिसते का. माझ्या लग्नाच्या वेळी माझे वडील असेच येऊन गेले होते आणि घरी जाऊन आईला म्हणाले होते, ‘रान आरशागत ठेवलंय, पोरीचं चांगलं हुईल.’ मी दाराआडून ऐकलं आणि खूश झाले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की रान स्वच्छ तर घर अब्रूचं. मी गावच्या अंगणवाडीत शिकवते, बायकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते, पण माझ्या डोक्यातली ही गोष्ट काही निघाली नाही. ती निघाली नाही म्हणून मागच्या भाद्रपदात माझ्या पोराच्या लग्नाचं वाटोळं झालं.

माढ्यापासून थोडं आत आमचं गाव आणि गावाच्या वर, माळावर, आमचं हे रान. उताराचं. वरच्या अंगाला वीतभर उकरलं की मुरूम लागतो, खाली रस्त्याकडं जरा बरी माती आहे. ती वरचीच, वाहून आलेली. मालक, म्हणजे पोराचे वडील, चिंचोळीच्या एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात कामाला. आठवड्याच्या सुट्टीला घरी येतात. रान बघतो पोरगा, आणि अंगणवाडी सुटली की मी.

आमचं मुख्य पीक शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. तो पेरायचा गणपती झाल्यावर. म्हणजे सगळा पावसाळा रान रिकामं, पण नुसतं सोडून द्यायचं नाही. उन्हाळ्यात नांगरायचं, पाऊस पडून तण उगवलं की कुळवायचं, परत पाऊस, परत कुळव. जितक्या पाळ्या घालाल तितके तुम्ही कष्टाळू. सासरे तर उगवलेलं गवताचं पान रस्त्यावरून दिसलं तरी बैल जुंपायचे. पुढं बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टर आल्यावर नांगरट उभी व्हायला लागली, उताराच्या दिशेनं वरून खाली. आडवं मारायचं तर सारखं वळवावं लागतं, त्यात वेळ जातो, ड्रायव्हर कुरकुरतो. उभं मारलं की नांगराच्या रेघा, म्हणजे तास, सरळ लांब पडतात. दिसायलाही काय छान दिसतं! मग उत्तरा नक्षत्राचा एखादा दांडगा पाऊस त्या उघड्या मऊ मातीवर यायचा, पाणी त्याच तासांतून खाली धावायचं, आणि ओढा चहाच्या रंगाचा व्हायचा. आम्ही सगळे दारात उभं राहून म्हणायचो, ‘वढ्याला काय पानी आलंय बघा!’ पाणी कसलं डोंबलाचं, आमचं रान चाललं होतं. वरच्या अंगाला दरवर्षी पांढरे डाग वाढत होते आणि तरी कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

आम्ही नांगर बंद केला तो काही विचार करून नव्हे. गावात ट्रॅक्टर माझ्या चुलत दिराचा. धाकटा आहे माझ्याहून, पण तोरा असा की सगळ्या गावाची रानं याच्यामुळंच पिकतात. एका उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळीवरून माझं त्याच्याशी वाजलं. तो म्हणाला, ‘वैनी, मग रान कुनाकडनं नांगरून घेता ते बघतोच की.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ‘नाही नांगरणार जा! काय करशील?’ आणि खरंच नाही नांगरलं. बाहेरून दुसरा ट्रॅक्टर आणता आला असता, पण माझ्या डोक्यात राख गेलेली. पोरगा म्हणाला, ‘आई, मग निदान मटकी तरी टोकू मधनं.’ शाळू कापल्यावर राहिलेली धसकटं उभी होती तशीच ठेवली आणि त्यांच्या मधून खुरप्यानं मटकी टोकली. दिसायला ते रान इतकं घाण दिसत होतं, मी रस्त्यानं जाताना तिकडं बघायची नाही.

त्या वर्षीच्या मोठ्या पावसात पोरगा चिंब भिजून घरी आला आणि मला हाताला धरून ओढतच घेऊन गेला. ‘चल, बघ तर खरं.’ शेजारच्या रानातून लाल-काळं पाणी बांध फोडून धावत होतं. आमच्या रानातलं पाणी मात्र चालत होतं. धसकटाला अडायचं, वळसा घालायचं, पाल्याखाली शिरायचं, आणि बऱ्याच वेळानं खाली यायचं ते नितळ. पोरगा भर पावसात हसत होता. मला काही हसू आलं नाही, पण मी त्याला म्हटलं, बरं, पुढच्या वर्षीही राहू दे.

तिथून पुढं दरवर्षी तेच. सोपं नव्हतं हां. पहिल्या वर्षी शाळू कमी झाला, उंदरांनी वात आणला, आणि गवत तर विचारू नका. कुळव नाही म्हटल्यावर गवत हातानं कापायचं आणि तिथंच पसरायचं. अंगणवाडी सुटली की मी विळा घेऊन जायची, कंबरडं पार मोडून जायचं. पोरगा मोबाईलवर काय काय बघायचा, कुठं कुठं फोन करायचा, आणि सगळं करून बघायचा. हळूहळू मातीवर पाल्याचा एक थर बसला. हात घातला की थंड लागायचं, गांडुळं वळवळायची. वरच्या पांढऱ्या डागांवरसुद्धा मटकी तग धरायला लागली. पोराला त्या रानाचं इतकं कौतुक की सकाळी उठून आधी तिकडं जायचा, चहा नंतर.

कौतुक त्याला. मला लाज. ते रान पडलं नेमकं रस्त्याला लागून, एसटी त्याच रस्त्यानं जाते. येणारा-जाणारा बघायचा आणि एकच शब्द टाकून जायचा: पडीक. शिवी द्यावी तसा. ‘काय बाई, रान पडीकच टाकलंय का आता?’ ‘पोरांचे शेंबूड पुसन्यात रान पडीक पडलं हिचं.’ हळदीकुंकवाला गेलं तरी तेच. मी उलटून बोलायची. ‘तुमचं रान कुठंय पण? ओढ्यात शोधा जाऊन!’ असं ठणकावून सांगायची. बायका हसायच्या, मीही हसायची, आणि घरी येऊन जीव नुसता जळायचा. रस्त्यावर वर्दळ असली की मी त्या रानात कापायला बसायची नाही. खोटं कशाला सांगू, कधीकधी एसटी आली की मी बांधाकडेला लावलेल्या तुरीच्या ओळीआड वाकून बसायची. आपल्याच रानात. पोरानं एकदा बघितलं आणि विचारलं, ‘काय हरवलं का?’

मग ही सोयरीक आली. मुलगी जेऊरकडची. आताच्या दिवसांत शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी पोर आहे त्यालाच कळतं. दोन-तीन ठिकाणी ‘पोरगा कंपनीत न्हाय का?’ एवढं विचारून लोकांनी चहासुद्धा घेतला नव्हता. आणि ही मुलगी नर्सिंग शिकलेली, बोलायला नीट, आणि तिला आमचं पोरगं आवडलं. पोराला तर ती आवडलीच. दोघं फोनवर बोलायला लागली. तो रानात उभा राहून बोलायचा, आणि घरात येताना त्याचा चेहरा बघून मला देवाजवळ दिवा लावावासा वाटायचा. आता फक्त तिचे आईबाप घर बघून जायचे राहिले होते. पितर सुरू व्हायच्या आत, गौरी गेल्या गेल्या, असं ठरलं.

ते यायच्या आदल्या दिवशी पोरगा सकाळीच सोलापूरला गेला. त्याला शर्ट घ्यायचा होता, आणि संध्याकाळी वडिलांना चिंचोळीहून गाडीवर बसवून घेऊन यायचं होतं. मी घर सारवून-पुसून घेत होते आणि दीर दारात येऊन उभा राहिला. बाभळीचं भांडण कधीच मिटलं होतं, येणं-जाणं चालू होतं.

‘वैनी, पावनं कुटल्या रस्त्यानं येनार?’

‘रस्ता एकच आहे की, भावजी.’

‘मग ते रान बघतीलच. धसकटं काय, पाला काय. पडीक रानात पोरगी देतंय व्हय कोन? मी आपला घरचा मानूस म्हनून सांगतो. नाक कापून घेऊ नका.’

मी त्याला म्हटलं, ‘तुम्ही तुमचं बघा.’ तो गेला. मी परत फरशी पुसायला लागले, पण हात चालेना. डोळ्यांसमोर ती माणसं दिसायला लागली, गाडीतून काच खाली करून बघतायत. परत जाऊन मुलीला सांगतायत, रान पडीक हाय गं, पोरगं आळशी हाय. माझ्या पोराला आळशी म्हणतील! मटकी उपटून झाली होती, शाळू अजून पेरायचा होता, पावसानं चार दिवस उघडीप दिलेली, माती नांगरण्याजोगी सुकून वाफसा आलेला. एका दिवसात काय होतंय? मी हात पुसले आणि दिराला फोन लावला. म्हटलं, ‘भावजी, घाला ट्रॅक्टर. पाव्हणे यायच्या आत काळं करून द्या.’

ट्रॅक्टर आला. मी बांधावर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं विचारलं, ‘मामी, उभं मारू का आडवं?’ हे मात्र मला विचारलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. मला उत्तर माहीत होतं. सगळी वर्षं मी ते पाणी बघितलं होतं. पण पोरगा यायच्या आत उरकायचं होतं, आणि उभं लवकर होतं. म्हटलं, ‘मार उभंच.’ नांगर झाला, मग रोटावेटर फिरला. धसकटं, पाला, गांडुळं, सगळं खाली गेलं आणि काळी माती वर आली. मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते: फार बरं वाटलं. इतकं सुंदर दिसत होतं रान. एसटी गेली तेव्हा मी लपले नाही, पदर नीट करून रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले.

दिवेलागणीला बाप-लेक आले. पोरगा गाडी तशीच लावून घरात आला. त्यानं रस्त्यावरूनच बघितलं होतं.

‘कुनी केलं हे?’

‘मी सांगितलं. पाव्हणे येणार आहेत, जरा बरं दिसावं.’

मला वाटलं ओरडेल. मी भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती. तो म्हणाला, ‘आई, उभं गं? निदान आडवं तरी...’ मग जेवला, गुपचूप झोपला. मालक म्हणाले, ‘काय गरज हुती?’ त्यांच्यावर मात्र मी खेकसले. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसानं बोलू नये, असं सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुरण शिजायला घातलं तेव्हा ऊन होतं. पुरण वाटून होईपर्यंत अंधारून आलं. आणि मग जो पाऊस सुरू झाला, अरे देवा! पत्र्यावर दगड पडावेत तसा. पोरगा एका उडीत बाहेर. मीही नवी साडी खोचून मागं धावले. गोठ्यातून कडब्याच्या पेंढ्या उचलल्या आणि दोघं माळाकडं निघालो.

रान डोळ्यांदेखत चाललं होतं. ट्रॅक्टरच्या प्रत्येक तासाचा ओढा झाला होता. वरच्या अंगाची सगळी मऊ माती, पाला, शेणखत, आम्ही हातानं पसरलेलं सगळं, उकळून येत असल्यासारखं खाली येत होतं आणि बांध ओलांडून रस्त्यावर पडत होतं. पोरगा एका तासात पेंढी आडवी टाकायचा, पाणी तिला घेऊन पुढं जायचं. मी पायानं माती अडवत होते. पायानं! वेडी झाले होते मी. वर पांढरा मुरूम दिसायला लागला तेव्हा पोरगा थांबला. हातातली पेंढी त्यानं सोडून दिली आणि नुसता उभा राहिला. मी त्याच्याकडं बघू शकले नाही. मला वाटलं, त्यानं मला एक शिवी द्यावी. त्यानं दिली नाही.

पाऊस आला तसा गेला. ऊन पडलं. आणि पाव्हण्यांची गाडी वळणावरून आली ती थेट त्या चिखलात रुतली. आमच्याच रानाच्या चिखलात. चाकं नुसती फिरत होती. मुलीचे वडील उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मागून मुलीची आई उतरली, चपला हातात घेऊन. आम्ही मायलेक वरून खाली आलो, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. मी पदर सारखा केला, काय सारखा करणार होते कुणास ठाऊक.

ते गृहस्थ शेतकरी माणूस. आधी गाडीकडं बघितलं, मग चिखलाकडं, मग चिखल जिथून आला तिकडं वर बघितलं. त्यांच्या तोंडून आपोआपच गेलं, ‘आरारारा! लई माती गेली की हो. कुनाचं म्हनायचं हे रान?’

आणि मी म्हणाले, ‘ते व्हय? ते आमचं न्हाय. दुसऱ्याचं हाय.’

कसं तोंडातून गेलं मला कळलं नाही. मी एरवी असं ‘हाय-न्हाय’ बोलतसुद्धा नाही, अंगणवाडीची बाई म्हणून नीट बोलायची सवय. त्या वेळी गावची भाषा तोंडात आली आणि खोटं घेऊन आली. मुलीच्या आईनं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघितलं. पोरगा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडं वळून बघितलं नाही. तो त्या गृहस्थांना म्हणाला, ‘आमचंच हाय, काका. मीच काल नांगरायला लावलं. उभं नांगरलं, चुकलं माझं.’

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ‘नाही हो, मी लावलं,’ एवढंच. तोंडाची एवढी फटकळ मी, गावाला गप्प करणारी, आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. मला वाटलं, चला, त्यानं सांभाळून घेतलं. निदान नांगरल्याचं तरी माझ्यावर आलं नाही. माझं पोर माझी चूक अंगावर घेऊन भावी सासऱ्यासमोर मान खाली घालून उभं होतं आणि मी साडीचा चिखल झटकत होते.

ते म्हणाले, ‘पर पोरीकडं फोटू पाठवला हुता तुमी, त्यात तर धसकटं हुती. लई बेस वाटलं हुतं मला. आमच्याबी उताराला करून बघावं म्हनलं हुतं.’

त्यांनी मग गाडी ढकलायला हात लावला, त्यानंही लावला. मला फोटोचं ठाऊकही नव्हतं. ज्या रानासाठी मी एसटी आली की लपायची, ते रान त्यानं त्या मुलीला कौतुकानं दाखवलं होतं, आणि तिच्या बापाला ते आवडलं होतं.

जेवण झालं. पुरणपोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली. सगळे नीट बोलत होते. पोरगा वाढत होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर यायला धजत नव्हते, पण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दिरालाही जेवायला बोलावलं होतं, आणि तो पोळीवर तूप घेत मोठ्या आवाजात म्हणाला, ‘आवो पावनं, काल सकाळी वैनींचा फोन आला, पावनं यायच्या आत रान काळं करून द्या म्हनल्या. पोरगं सोलापुरात हुतं, मी म्हनलं आपनच ट्रॅक्टर लावून करून देऊ. आता पाऊस असा दगा दील हे काय ठाव!’

बाहेर मालकांना ठसका लागला. मी तव्यावरची पोळी उलटायची विसरले, ती करपली, धूर झाला. धरणी फाटावी आणि पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या चुलीपुढं कळलं. थोड्या वेळानं मुलीचे वडीलच म्हणाले, ‘आमटी झ्याक झालीया.’ आणि मुलीची आई आत आली, माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि करपलेली पोळी बाजूला काढली. म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या ताई, हुतंय.’ मला तिच्याकडं बघवेना.

जाताना ते म्हणाले, कळवतो. पितर सुरू झाले. पितरांत कुणी सोयरिकीचं बोलत नाही, म्हणून फोन येत नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते. पोरगा रोज माळावर जायचा. पडलेल्या घळीत दगड आडवे लावायचा, गाळ अडवायला. माझ्याशी बोलायचा, कामापुरतं. त्याचा फोन आता वाजत नव्हता. शेवटी मलाच राहवेना. अंगणवाडीतली पोरं घरी गेल्यावर मी मुलीच्या आईला फोन लावला. म्हटलं, ‘ताई, रान मी नांगरायला लावलं होतं. पोराचा काही दोष नाही. तुमच्या पुढं खोटंही मीच बोलले. शिक्षा त्याला देऊ नका.’

ती बाई म्हणाली, ‘ताई, ते आमाला तवाच कळलं हुतं. पोरगा आमाला लई पसंत हाय. आमचं मानूस तर घरी येऊन त्याचंच बोलत हुतं. रानाचं म्हनाल तर पाऊस आमचंबी नेतो की, त्याचं काय न्हाय. पर आमी पोरीला समदं सांगितलं.’

‘मग?’

‘तिनंच न्हाय म्हनलं. म्हनली, आई, त्या मायलेकांनी त्या रानात एवढं केलं, आन लोकांम्होरं त्याच्या आईनी त्या रानालाच आमचं न्हाय म्हनलं. उद्या माझं काय चुकलं तर मलाबी म्हनतील. तवा माझ्या बाजूनं कोन बोलनार?’

मला म्हणायचं होतं, तुझ्या बाजूनं माझा पोरगा बोलेल गं. पण तो बोलला होताच की, आणि मी त्याला बोलू दिलं होतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून मी रडले. आयुष्यात लोक काय म्हणतील याला इतकं भ्याले, आणि एक मुलगी काय म्हणेल हे मनातसुद्धा आलं नाही.

घरी न जाता मी तशीच माळावर गेले. पोरगा वरच्या अंगाला, मुरूम उघडा पडला होता तिथं, घळीत बसून दगड लावत होता. म्हटलं, ‘मुलीच्या आईला फोन केला होता.’

‘काय म्हनल्या?’ तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. मुलगी जे म्हणाली ते शब्दाला शब्द, काही गाळलं नाही. रस्त्यानं एसटी गेली. मी उभीच होते. पोरानं हातातला दगड मांडीवर ठेवला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. राग नव्हता.

‘खरं हाय की गं आई तिचं,’ तो म्हणाला, आणि परत दगड लावायला वाकला.